1 मेच्या ग्रामसभेत हिशोब मागू या : जमाखर्च, आराखडा आणि ऊसतोडीला गेलेलं गाव

बालाघाटी (बीड)

मंडळी, 1 मे जवळ आलाय. झेंडावंदन उरकलं की बहुतेक गावांत ग्रामसभा लागते. आमच्याकडं लोक या सभेला येतात ते मुख्यतः दोन प्रश्न घेऊन: घरकुलाच्या यादीत नाव आलं का, आणि नळाला पाणी कधी येणार. दोन्ही प्रश्न जिवाचे आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण कायद्यानं ही सभा ज्यासाठी ठेवलीय तो विषय, म्हणजे गेल्या वर्षाचा हिशोब, पाच मिनिटांत निकाली निघतो. धागा त्यासाठीच काढलाय.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 8. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते. म्हणजे एप्रिल किंवा मे. त्या सभेपुढं गेल्या वर्षाच्या जमाखर्चाचं विवरण, कारभाराचा अहवाल, चालू वर्षात घ्यायची विकासकामं आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी ठेवावीच लागते. बाकीच्या सभांत हे विषय येतील न येतील, या सभेत ते आलेच पाहिजेत.

प्रत्यक्षात काय होतं? घरपट्टी इतकी, पाणीपट्टी इतकी, वित्त आयोगाचा निधी इतका, खर्च इतका, शिल्लक इतकी. मंजूर? मंजूर. पुढचा विषय. लेखापरीक्षणाचं तर नावही निघत नाही.

इतिवृत्ताची वही एकदा जवळून बघा. विषय क्रमांक 1, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक 2, जमाखर्चास मंजुरी देणे. खाली ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ लिहिलेलं, त्यापुढं जागा मोकळी. ठरावाचा मजकूर मागून भरायचा म्हणून अर्धं पान कोरं. हजेरीच्या पानावर सह्या आणि अंगठे मात्र ओळीनं झालेले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोऱ्या पानाच्या भरवशावर उद्या कुठलाही ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होऊ शकतो आणि त्याखाली आपल्याच माणसांच्या सह्या असतात.

माझं म्हणणं असं की गावासारखा लेखापरीक्षक दुसरा नाही. ‘मोटार दुरुस्ती’ हे खर्चाचं एकच शीर्ष घ्या. सार्वजनिक विहिरीवरची मोटार जळाली कधी, वायंडिंगला कुठं नेली, किती दिवस पाणी बंद होतं, हे मोटार काढायला गेलेला पोरगा तारखेसकट सांगतो. त्या दिवसांत हंड्यासाठी शेतातल्या बोअरवर गेलेल्या बायका त्याहून नेमकं सांगतात. ‘टीसीएल पावडर’ (पाणी शुद्ध करायची) लिहिलं असेल तर टाकीत पावडर टाकणारा शिपाई गावातलाच आहे. ‘पथदिवे’ असेल तर खांब समोर उभे आहेत, मोजा. जिल्ह्याहून आलेल्या माणसाला यातलं काहीही कळणार नाही, त्याच्यापुढं फक्त पावत्या असतात. आपल्यापुढं गाव असतं. फक्त तो कागद आपल्या हातात शीर्षनिहाय यायला हवा, नुसती बेरीज ऐकून भागत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुपते. गावाचा पुढच्या वर्षाचा आराखडा, ‘आमचं गाव, आमचा विकास’, याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून सुरू होते आणि वर्ष सरता सरता तो आराखडा ऑनलाइन चढतो. अंदाजपत्रकही त्याच सुमाराला तयार होतं. आमच्या बालाघाटातल्या वाडी-तांड्यांवर तेव्हा असतं कोण? दसरा झाला की मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ पैशावर, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत लहान पोरं. सांगली, कोल्हापूर, पुणे, कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही लेकरं. 2025 ला तर दसरा आणि 2 ऑक्टोबर एकाच दिवशी आले. त्याआधी सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात पिकं गेली, शेतरस्ते वाहून गेले, लोक पंचनाम्याच्या मागं होते. अशा वेळी ठरलेल्या आराखड्यात त्यांच्या गल्लीचं, त्यांच्या तांड्याचं काम कोण सांगणार?

26 जानेवारीलाही ते उसाच्या फडात असतात. वर्षाच्या चार सभांपैकी 1 मे आणि 15 ऑगस्ट एवढ्याच हमखास त्यांच्या वाट्याला येतात. म्हणून 1 मेची सभा आमच्यासाठी डबल महत्त्वाची आहे: गेल्या वर्षाचा हिशोब मागायची संधीही तीच आणि चालू वर्षाची कामं ऐकायची संधीही तीच.

तुमच्याकडं काय पद्धत आहे? जमाखर्च कुणी छापून वाटतं का? आराखड्यात नंतर बदल करून घेतलाय का कुणी? अनुभव लिहा.

---

मांजराकाठ (लातूर)

बालाघाटी भाऊ, बरोबर बोललात. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारे कमी, पण पुण्याला कंपनीत गेलेले लई. सभेला पन्नाशीच्या पुढचीच माणसं.

एक भर घालतो. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात न दिसणारा पैसा गावात जास्त दिसतो. पंचवीस-पंधराचा (2515 या सरकारी लेखाशीर्षातला) सिमेंट रस्ता, आमदार फंडातला सभामंडप, जनसुविधा योजनेतून स्मशानभूमीचं शेड. कामं मंजूर होऊन येतात, फलक लागतो, नारळ फुटतो. ग्रामसभेनं हे मागितलं होतं का, हे कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीत रस्त्यावर रस्ता झाला आणि नाली तशीच राहिली. आता पावसाचं पाणी घरात येतंय, कारण रस्ता उंबऱ्याच्या वर गेला.

ज्या जिल्ह्यानं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, त्या जिल्ह्यात तरी पाण्याचं आणि सांडपाण्याचं काम आधी असायला पाहिजे. सभामंडप नंतर.

---

गोदाकाठची लेक (परभणी)

महिला सभेचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायद्यात आहे. आमच्याकडं ती बचत गटाच्या बैठकीच्या शेवटी होते. वही पुढं येते, "ताई, सही करा, महिला सभेची आहे" एवढंच. विषय काय होता हे विचारलं की "नेहमीचेच" म्हणतात.

मागच्या खेपेला आम्ही काही जणींनी सही करायच्या आधी विषय लिहून घेतले. शाळेत मुलींच्या मुतारीला दार नाही आणि पाणी नाही. अंगणवाडीच्या बाजूच्या हातपंपाला गढूळ पाणी येतंय. रात्री दवाखान्याच्या रस्त्याला दिवा नाही. तीनच विषय, पण ते वहीत आमच्या शब्दांत उतरले आणि मग सह्या झाल्या. त्याच दिवशी दुपारी ग्रामसभेत ते वाचून दाखवावे लागले. मुतारीचं दार दिवाळीच्या आत बसलं. हातपंपाचं काम अजून बाकी आहे, ते आम्ही सोडलेलं नाही.

आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. त्यातून काय घेतलं हे जमाखर्चात बघा. दरवेळी शिलाई मशीनच कशाला? ज्यांच्यासाठी खर्च आहे त्यांना आधी विचारा ना. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत आणि दहा टक्क्यांचा निर्णय मात्र दुसरं कुणीतरी घेतंय, हे मला पटत नाही.

---

जुना ग्रामविकास अधिकारी (नांदेड)

नोकरीतून निवृत्त झालोय, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

धाग्यातलं कलम 8 बरोबर आहे. पण एक बाजू राहिली. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांना सगळीकडं एकदम सभा लागतात आणि एका ग्रामसेवकाकडं (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) दोन-दोन, तीन-तीन गावं असतात. सकाळी एका गावात झेंडा, दुपारी दुसऱ्या गावात सभा. कोऱ्या पानाचं समर्थन मी करणार नाही, ते चूकच. पण सभेला येताना समोरच्याला चोर समजून येऊ नका. कागद मागा, आठ दिवस आधी मागा, म्हणजे त्यालाही तयारीला वेळ मिळतो. ऐन सभेत ओरडलं की कागद निघत नाही, भांडण निघतं.

आता पैशाचं सांगतो, कारण बहुतेकांचा घोळ इथंच होतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2020-21 ते 2025-26 या काळातला. राज्यात त्याचे 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला, 10 टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी ठरली. 2021-22 पासून त्यात 60 टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचे) आणि 40 टक्के अबंधित. बंधितचे अर्धे स्वच्छतेला, अर्धे पिण्याच्या पाण्याला. समजा गावाला 10 लाख आले, तर 6 लाख बंधित: 3 लाख स्वच्छता, 3 लाख पाणी. उरलेले 4 लाख गावाच्या गरजेप्रमाणं, पण पगार आणि कार्यालयाच्या खर्चाला नाही. तेव्हा कुणी बंधित पैशातून रस्ता मागितला तर नाही म्हणावंच लागतं. उलट कुणी नालीला आणि टाकीला पैसा नाही म्हणालं तर बंधितचा हिशोब मागा.

मांजराकाठ, तुमच्या उंबऱ्यावर आलेल्या पाण्याचं उत्तर याच बंधित पैशात आहे. सांडपाण्याची नाली स्वच्छतेत बसते. अर्ज तसा द्या.

चौदाव्या आयोगात (2015 ते 2020) सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीला यायचा. पंधराव्यात वरचे दोन वाटे पुन्हा सुरू झाले, आणि 2022 च्या मार्चपासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. निवडून आलेली बॉडी नसेल तर आयोगाचा हप्ता अडतो, ही अटच आहे. गावाच्या रस्त्यापर्यंत त्याची झळ पोचते.

आणि एक कडू गोष्ट. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली असेल तर स्वनिधी, म्हणजे पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, शून्य. मग मोटार जळाली तरी गाव सरकारच्या हप्त्याची वाट बघत बसतं. हिशोब मागणाऱ्यानं आधी आपली नमुना 10 ची, म्हणजे कर भरल्याची, पावती खिशात ठेवावी. शब्दाला वजन येतं.

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

काकांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. आमच्या शहराला लागून असलेल्या पाटोदा गावानं हेच केलं. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना कर भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण मोफत, असा नियम लागू झाला. कर का भरायचा हे गावाला पिठाच्या गिरणीत कळलं. नुसती नोटीस पाठवून वसुली होत नाही, दिलेल्या पैशाचं काहीतरी हातात यावं लागतं.

---

शिवारवाट (हिंगोली)

+1. आमच्याकडं दवंडीच होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या रात्री मेसेज. ज्याच्याकडं साधा फोन त्याला सभा झालेली दुसऱ्या दिवशी कळते.

---

जुना ग्रामविकास अधिकारी (नांदेड)

शिवारवाट, नियमित ग्रामसभेची सूचना 7 दिवस आधी द्यायची असते, विशेष सभेची 4 दिवस. सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर, चावडीवर लागली पाहिजे आणि दवंडी झाली पाहिजे. व्हॉट्सॲप हे वरचं. ते खुशाल करावं, पण त्यावर भागवू नये.

कोरमही (सभेला लागणारी किमान हजेरी) ध्यानात ठेवा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढे नसतील तर सभा तहकूब. तहकूब झालेल्या सभेला मग कोरम लागत नाही. दहा माणसांतही ठराव होतो, आणि तो तितकाच पक्का असतो. म्हणून "कोरम झाला नाही, सभा झाली नाही" म्हणून घरी बसू नका. तहकूब सभेची तारीख लिहून घ्या आणि तिला जा. मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवीन विषय त्या सभेत घेता येत नाही, हेही सांगून ठेवतो.

---

पुण्यातला धाराशिवकर

मी गावाबाहेर असतो, मतदार यादीत नाव गावातच आहे. मे महिन्यात सुट्टी मिळेलच असं नाही. इथं बसून काय करता येईल?

---

बालाघाटी (बीड)

दादा, ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर जा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की मंजूर आराखडा दिसतो आणि वित्त आयोगाच्या पैशातून झालेली देणीही व्हाउचरसकट दिसतात. ‘मेरी पंचायत’ ॲपवरही बरंच आहे. ते उतरवून गावातल्या कुणाला तरी छापून पाठवा. आमच्या गावातल्या दोन पोरांनी तसंच केलं. छापलेला कागद पारावर ठेवला आणि म्हाताऱ्यांनी एकेक ओळ वाचून घेतली. एका बंदिस्त नालीचं काम कागदावर पूर्ण होतं. जागेवर निम्मंच होतं. कुणाचं नाव न घेता फक्त मोजमाप वाचून दाखवलं, पुढच्या महिन्यात उरलेलं काम झालं.

वित्त आयोगाबाहेरचा खर्च, म्हणजे स्वनिधीचा, तिथं पूर्ण दिसेलच असं नाही. त्याला माहितीचा अधिकार: अर्जाला 10 रुपये, प्रतीला पानामागं 2 रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर फुकट. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. रोकडवही म्हणजे नमुना 5 आणि अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, नमुन्याचा नंबर आणि वर्ष लिहा.

जुन्या साहेबांनी समोरच्याला चोर समजू नका म्हटलंय, ते मनापासून मान्य. आमच्याकडचा माणूसही तीन गावं सांभाळतो. पण साहेब, कोरं पान त्याला सोयीचं असलं तरी आमच्यासाठी ते घातक आहे. सभा संपायच्या आधी ठराव वाचून दाखवावेत आणि मगच सह्या व्हाव्यात, एवढी एक गोष्ट मी सोडणार नाही.

---

सेलूची सून

माझा दीर दोन्ही पायांनी अधू आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात हे आम्हाला दुसऱ्या गावातल्या एकानं सांगितलं. विचारायला गेलो तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. हे ग्रामसभेत विचारता येतं का, की अर्जच करावा लागतो?

---

गोदाकाठची लेक (परभणी)

ताई, दोन्ही करा. गावातल्या सगळ्या दिव्यांग बंधू-भगिनींची यादी करा आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या. एकट्यानं गेलं की पुढच्या वर्षावर ढकलतात. जमाखर्चात मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला-बालकल्याण 10 टक्के आणि दिव्यांग 5 टक्के असे तिन्ही खर्च वेगळे दाखवा म्हणावं. मागच्या वर्षाचे खर्च झाले नसतील तर ती रक्कम कुठं आहे, हाही प्रश्न विचारा.

दीर सभेला येऊ शकत असतील तर त्यांना घेऊनच या. ओट्यावर सभा असेल तर खाली घ्यायला लावा.

---

नगरपालिकेतला माणूस (जालना जिल्हा)

तुमच्याकडं निदान ग्रामसभा तरी आहे. आमच्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेत मंजूर होतं, बोलायचा हक्क नगरसेवकांना. नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद 2009 ला कायद्यात आली, पण आमच्या गावात अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही. यावर वेगळा धागा काढतो, इथं विषय भरकटायला नको.

---

मांजराकाठ (लातूर)

नालीचा अर्ज उद्याच देतो, काका. एक शंका: आराखडा तर जानेवारीतच वर गेला. मेमध्ये मागून आता त्यात काम बसतं का?

---

जुना ग्रामविकास अधिकारी (नांदेड)

बसतं. ग्रामसभेच्या ठरावानं पुरवणी आराखडा करता येतो. ठराव मात्र नेमका पाहिजे: कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, अंदाजे किती मीटर, कोणत्या निधीतून. ‘गावातील नाल्या दुरुस्त करणे’ असा मोघम ठराव तालुक्यात जाऊन पडून राहतो.

बालाघाटी, ऊसतोडीच्या गावांसाठीही हाच मार्ग आहे. लोक परत आले की 1 मेच्या आत वाडीवर, तांड्यावर बसून कामांची यादी करा आणि सभेत पुरवणीत घ्या. पालक ऊसतोडीला गेले तरी लेकरं गावातच राहावीत यासाठीच्या हंगामी वसतिगृहाची मागणीही आत्ताच लिहा. दसऱ्याला टोळ्या निघताना केलेला अर्ज उशिराचा असतो, तोवर लेकरं ट्रॅक्टरवर बसलेली असतात.

---

बालाघाटी (बीड)

तांड्यावर परवा संध्याकाळी बसतोय. अर्जाचा मसुदा असा केलाय, बघा जमतोय का:

प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी.
विषय : 1 मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेबाबत.
महोदय, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 8 नुसार गत वर्षाच्या जमाखर्चाचे शीर्षनिहाय विवरण व शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी व त्याची प्रत सभेपूर्वी सूचना फलकावर लावावी. तांडा वस्तीतील सोबतच्या यादीतील कामांचा पुरवणी आराखड्यात समावेश करण्याचा विषय घ्यावा. सभेतील ठराव सभा संपण्यापूर्वी वाचून दाखवावेत, ही विनंती.
आपले विश्वासू, खालील सह्या करणारे ग्रामस्थ.

---

जुना ग्रामविकास अधिकारी (नांदेड)

चांगला आहे. ‘गत वर्षाच्या’ऐवजी सरळ वर्ष लिहा, 2025-26. सह्यांपुढं मतदार यादीतला अनुक्रमांक टाका. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ग्रामपंचायतीत कुणी भेटलं नाही तर तोच अर्ज पंचायत समितीच्या आवक शाखेत देऊन टाका, तिथं नंबर पडतो.